गर्दी नको म्हणून भोरांड्याच्या दारात

तर ह्या सगळ्याची सुरुवात सांदणपासून झाली. दोन वर्षांपूर्वी सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आली म्हणून आम्ही भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावात गेलो होतो सांदण दरी बघायला, आणि दिवसभर बघितलं काय तर पुढच्या माणसाची सॅक. दरी भारीच आहे त्यात वाद नाही, दोन्हीकडे दोन-अडीचशे फूट कातळ उभा आणि मधे काही ठिकाणी दोन माणसं शेजारी उभी राहिली तर खांदे घासतील एवढीच जागा, पण त्या दिवशी तिथे सकाळी साडेआठला ठाणे स्टेशनवर असते तेवढी पब्लिक होती. पाण्यात उतरायच्या ठिकाणी लाइन, दोराच्या टप्प्याला लाइन, आणि लाइनीत आमच्या बरोब्बर मागे एकजण ब्लूटूथ स्पीकर घेऊन. पाऊण तास एकाच दगडावर उभं राहून मी त्याची अख्खी प्लेलिस्ट ऐकली. येताना गाडीत जाहीर करून टाकलं की यापुढे गर्दीच्या जागी पाय ठेवणार नाही. माझी बायको मंजिरी म्हणाली, "मग ठाण्यात कसा राहणार?"

तिच्याकडे लक्ष न देता मी शोध चालू ठेवला. म्हणजे खरं सांगायचं तर शोध पक्यानेच लावला. पक्या म्हणजे माझा कॉलेजचा मित्र, सिव्हिल इंजिनियर, वीस-बावीस वर्षं घाटवाटा तुडवतोय, गुडघे माझ्यापेक्षा जुने पण चांगले. तो म्हणाला सांदणसारखंच काहीतरी पाहिजे ना, आपल्या जिल्ह्यातच आहे, मुरबाड तालुक्यात, नाणेघाटाच्या शेजारी, आणि तिथे रविवारीसुद्धा काळं कुत्रं नसतं. नाव भोरांड्याचं दार.

माझी मुलगी ईरा, आठवीत आहे, तिने विचारलं दार म्हणजे काय, तिथे दरवाजा आहे का. तर नाही. कोकणातून वर घाटमाथ्यावर जायला सह्याद्रीच्या भिंतीत जिथे जिथे फट सापडते त्यातल्या बऱ्याच वाटांना आपल्याकडे दार म्हणतात. खुट्ट्याचं दार, डोणीचं दार, रिठ्याचं दार, हे सगळे जुन्नर-आंबेगाव आणि मुरबाडच्या मधल्या कड्यातले. आणि जी फट ओढ्याने वरपासून खालपर्यंत चिरत आणलेली असते, दोन्हीकडे भिंती आणि तळाला नुसते धोंडे, तिला नाळ. ईरा म्हणाली, "म्हणजे कॅन्यन." म्हटलं हो, उभी करून ठेवलेली कॅन्यन समज, चालायच्या ऐवजी चढायची.

आता ह्यात गोम अशी आहे की वर चढलं की तिथून त्याच नाळेने कोणी उतरत नाही (आपण लोक तरी नाही, गावातल्यांचं वेगळं), पठारावरून चालत नाणेघाटाला जायचं आणि तिथून खाली यायचं. म्हणजे चढायला सुरुवात एका जागी आणि उतरणार दुसऱ्याच जागी. दोन्ही कल्याण-माळशेज रस्त्यालाच लागून आहेत, गाडीने दहा-पंधरा मिनिटं फार तर, पण आठ तास डोंगर चढून-उतरून आल्यावर हायवेच्या कडेने कोण चालणार. त्यामुळे प्लॅन असा ठरला की दोन गाड्या न्यायच्या, पक्याची वॅगनार पहाटेच नाणेघाटाच्या पायथ्याशी लावून ठेवायची आणि सगळ्यांनी माझ्या अर्टिगात कोंबून भोरांड्याला जायचं. प्लॅन माझाच. व्हॉट्सॲपवर मॅप काढून, बाण दाखवून, गाड्यांची चित्रं टाकून पाठवला होता. हे लक्षात ठेवा, नंतर लागेल.

माणसं आठ. मी, मंजिरी, ईरा, पक्या, त्याची बायको स्नेहा, त्यांचा दहा वर्षांचा अर्णव, आणि डोंबिवलीहून आमची ताई आणि भाऊजी. ताई पन्नाशी ओलांडलेली, उजवा गुडघा कुरकुरतो, तिला मी बोलावलं होतं ते ती नाही म्हणेल ह्या भरवशावर. ती हो म्हणाली. वर संक्रांत नुकतीच झाली होती म्हणून वीस गुळपोळ्या घेऊन आदल्या रात्री मुक्कामाला हजर.

पहाटे साडेचारला निघालो. माजिवडा, रांजणोली नाका, कोन, दुर्गाडीचा पूल, शहाड, आणि एकदा म्हारळ-वरप मागे पडलं की रस्ता मोकळा होतो आणि काचेतून थंडी आत यायला लागते. सरळगावला गरम वडापाव आणि चहा. टोकावडे सोडल्यावर उजेड फुटला आणि उजवीकडे सह्याद्रीची ती लांबच लांब भिंत दिसायला लागली, तिच्यावर नानाचा अंगठा. हा एक सुळकाच आहे म्हणा ना, खालून बघितलं तर खरंच कोणीतरी मूठ वळून अंगठा वर केलाय असा. भाऊजी म्हणाले, "वा, सुरुवातीलाच लाइक." भाऊजींचे असे विनोद दिवसभर चालू होते, बाकीचे मी गाळतोय.

वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाची कमान लागते तिथे वॅगनार लावली. पक्याने चावी माझ्या हातात दिली, माझ्या ट्रॅकपॅन्टच्या खिशाला चेन नाही, तू ठेव म्हणाला. मी ठेवली.

भोरांड्यात पक्याच्या ओळखीचे एक मामा होते. साठीच्या आसपासचे, बारीक, पायात पावसाळी प्लॅस्टिकचे बूट, कमरेला आकडीत कोयता. आमचे सगळ्यांचे ते पाच-पाच हजारांचे शूज बघून त्यांनी काही कमेंट केली नाही पण बघितलं मात्र नक्की. ताईकडे बघून म्हणाले, "ह्या येणार?" ताई म्हणाली, "ह्या येणार." मग त्यांनी जाऊन कुडातून एक काठी उपसून आणली आणि तिच्या हातात दिली.

गावाबाहेर पडलं की आधी भाताची रिकामी खाचरं, मग झाडी, मग ओढ्याचं पात्र. जानेवारीत पाणी कुठेच नव्हतं, एका डोहात तेवढं हिरवं साचलेलं. आणि इथूनच धोंडे सुरू होतात. फ्रीजएवढे, रिक्षाएवढे, एक तर आमच्या सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनएवढा होता. सगळे पावसाने वरून आणून टाकलेले आणि घासून गुळगुळीत केलेले. ह्यातून चालणं म्हणजे चालणं नसतंच, दर पावलाला एक छोटा निर्णय असतो, ह्या दगडावर का त्या दगडावर, हात टेकू का नको. अर्णव माकडासारखा टणाटण उड्या मारत मामांच्या मागे, आणि आम्ही चाळिशीतले लोक प्रत्येक दगडाशी वाटाघाटी करत.

अर्ध्या-पाऊण तासाने दोन्हीकडची झाडी मागे हटते आणि तिच्या जागी भिंती येतात. हे इतकं हळूहळू होतं की कळतच नाही, एकदम वर बघितल्यावर लक्षात येतं की अरे, आभाळाचा पट्टाच उरलाय. बोलणं आपोआप कमी झालं. नाळेचं तोंड साधारण वायव्येला असल्यामुळे सकाळचं ऊन आत येतच नाही, दगड फ्रिजमधून काढल्यासारखे गार, हाताची बोटं बधिर होत होती. आणि शांत. इतकं शांत की भाऊजींच्या सॅकची बक्कल वाजत होती ती सगळ्यांना ऐकू येत होती. मोबाइलची रेंज कधीच गेलेली. एकही माणूस नाही, चॉकलेटचा कागद नाही, दगडावर रंगवलेलं बदामाचं चित्र नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

एका मोठ्या धोंड्यापाशी पाणी प्यायला थांबलो. पक्याने ईराला बोलावून दगड दाखवला. काळा दगड, अंगभर बारीक भोकं, वाटाण्याएवढी, हरभऱ्याएवढी, आणि त्यातल्या काही भोकांमधे पांढरं काहीतरी भरलेलं. जवळ डोळा नेला तर आत सुयांसारखे स्फटिक, एकाला एक खेटून उभे, कोणीतरी चिमटीने लावल्यासारखे, आणि मोबाइलचा टॉर्च मारला की लुकलुकायचे. पक्या म्हणाला हा सगळा डोंगर म्हणजे लाव्हा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून थरावर थर ओतला गेला त्यातला, गार होताना आत गॅसचे बुडबुडे अडकले त्याची ही भोकं, आणि नंतर खडकातून पाणी झिरपत राहिलं, त्यातले क्षार ह्या पोकळीत बसत बसत त्याचे स्फटिक झाले. ईराने विचारलं एक घेऊन जाऊ का. मामा मागे वळून म्हणाले, "पोरी, तो दगड गाडीत मावंल व्हय?" कारण ते भोक होतं वॉचमनच्या केबिनच्या भावाला.

मग ईराचा प्रश्न, की सगळीकडे एकच दगड आहे तर इथेच चीर का पडली. पक्या खूश. तो म्हणाला मगाशी मोरोशीचा भैरवगड दिसला ना, ती अंगठ्याच्या पुढे उभी भिंत, तिथे काय झालं की जुन्या थरांना भेग पडली, त्यात खालून पुन्हा लाव्हा घुसला आणि भेगेत गोठला. ती उभी फळी आजूबाजूच्या दगडापेक्षा चिवट निघाली. भोवतालचं सगळं झिजून गेलं, ती उरली. आणि जिथे भेगेत असं काही चिवट नसतं, दगड आधीच तडकलेला असतो, तिथे पाऊस शिरतो, दरवर्षी थोडं थोडं खरवडतो. तिथे नाळ होते. म्हणजे एका भेगेचा किल्ला होतो आणि एका भेगेची नाळ. मला हे इतकं आवडलं की मी लगेच ताईला सांगायला गेलो, ती म्हणाली, "मी ऐकलं, मी इथेच बसलेय."

ताईचं सांगायचं राहिलं. मी सकाळपासून तिच्यासाठी थांबत होतो, हात देत होतो, हळू चाल म्हणत होतो, आणि खरं म्हणजे तिला त्याची काही गरज नव्हती. तिची एक पद्धत होती. दगड उंच असला की आधी काठी वर ठेवायची, मग सरळ दगडावर बसायचं, पाय फिरवायचे, उठायचं. दिसायला काहीच ग्रेसफुल नाही. पण एकदाही घसरली नाही. मी दोनदा घसरलो आणि एकदा नडगी फोडून घेतली.

मामांशी तिचंच जास्त जमलं. तिने विचारलं ह्या वाटेने पूर्वी कोण जायचं, तर मामा म्हणाले सगळेच जायचे. वरच्या गावांना मीठ, सुकी मासळी इथून जायची, वरून जुन्नरच्या बाजारातलं सामान यायचं. नाणेघाट म्हणजे राजरस्ता, त्याच्यावर बैलांचे तांडे, आणि गावातल्या माणसाला जवळची वाट ही. "माझी आई वरली, अंजनावळ्याची," मामा म्हणाले, "ह्याच नाळंनं नांदाया आली. लुगडं नेसून. पायात काय नाय." ताईने खाली स्वतःच्या शूजकडे बघितलं. मग काही न बोलता उठून चालायला लागली.

वरचा एक-तृतीयांश भाग वेगळा आहे. मोठे धोंडे संपतात आणि घसारा लागतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, घसारा म्हणजे मूठभर ते नारळाएवढे सुटे दगड आणि माती, तीव्र चढावर, कशालाही चिकटलेले नसलेले. पाय ठेवला की पाय आणि दगड दोन्ही खाली. इथे भिंतींमधलं अंतरही कमी होतं. मामांनी आम्हाला थांबवून नियम सांगितले, दोघांमधे अंतर ठेवा, एकाच्या खाली दुसरा उभा राहू नका, कडेकडेने धरून चला, आणि दगड सुटला तर ओरडा, लाजू नका. मी हे सगळं पुन्हा एकदा सर्वांना समजावून सांगितलं, जरा मोठ्या आवाजात, लीडरसारखं.

आणि दगड सुटला तो माझ्याच पायाखालून.

झालं असं की वरती ती फट दिसली. दोन भिंतींच्या मधे व्हीच्या आकाराचं निळं आभाळ, आणि त्यात वाळलेलं पिवळं गवत उन्हात हलत होतं. चार तास गारठ्यात काढल्यावर ते ऊन बघून मला राहवलं नाही, मी कडेची वाट सोडून मधून सरळ चढायला गेलो. डाव्या पायाखालचा एक दगड, साधारण मिक्सरच्या भांड्याएवढा, हलला असं वाटलं आणि दुसऱ्या क्षणी तो तिथे नव्हता. मी ओरडलो का? आठवत नाही. मंजिरी म्हणते की ओरडलास पण "दगड" नाही, नुसतं "ए ए ए". मामा मात्र "दगुड!" असे ओरडले की ते पूर्ण नाळेत फिरलं. तो दगड एकदा आपटला, दुसऱ्यांदा आपटून उसळला, आणि ताईच्या डाव्या बाजूने, एका हाताच्या अंतरावरून खाली गेला. पुढे बराच वेळ त्याचा आवाज येत राहिला. टक. टक. टक. मग एक मोठा. मग काही नाही.

ताई भिंतीला चिकटून उभी होती. मामांनी सांगितलं होतं तशीच, अगदी तिथेच. नियम तिने पाळला होता म्हणून.

कोणी काही बोललं नाही. भाऊजींनीसुद्धा. मी खाली उतरून तिच्यापाशी जायला लागलो तर मामांनी वरूनच दटावलं, "हालू नका! हैत तितंच ऱ्हावा!" कारण मी उतरताना अजून दोन दगड पाडले असते. तर मी तिथेच, चार पायांवर, माझी बहीण वीस फूट खाली, आणि मला तिच्याजवळ जाता येत नाही. तिनेच वर बघून सांगितलं, "मला काही झालेलं नाहीये. तू आधी नीट उभा राहा."

हेल्मेट आम्ही नेली नव्हती. पक्या आदल्या दिवशी म्हणाला होता की त्याच्या ग्रुपमधून घेऊन येतो, मी म्हटलं होतं फॅमिली ट्रिप आहे रे, कशाला उगाच. हे लिहून ठेवतोय कारण उद्या कोणी हे वाचून जायचं ठरवलं तर ती घेऊन जा. आणि पावसात नका जाऊ, पावसात ह्या नाळेतून जे खाली येतं ते आम्ही सकाळपासून ओलांडत होतो, त्या रिक्षाएवढ्या धोंड्यांबद्दल बोलतोय मी.

शेवटचा तो टप्पा वर यायला आम्हाला पाऊण तास लागला. एका वेळी एकजण, बाकीचे आडोशाला. मामा प्रत्येकाला पाय कुठे ठेवायचा ते दाखवायला खालीवर करत होते, म्हणजे आम्ही एकदा चढलो ते त्यांनी पाच वेळा चढलं. वर फटीतून बाहेर पडलो तेव्हा ऊन एकदम तोंडावर आलं आणि डोळे मिटले. ताई वर आली, गवतात बसली, माझी सॅक ओढून घेतली, त्यातला गुळपोळ्यांचा डबा काढला आणि तिची सॅक माझ्याकडे सरकवली. "ही आता तू घे." शिक्षा एवढीच. मी दोन्ही सॅका घेऊन चाललो दिवसभर.

मामा इथून परत फिरणार होते. वाट आता सरळ आहे म्हणाले, कडा उजव्या हाताला ठेवा आणि जीवधन किल्ला समोर धरून चला. त्यांना ठरलेले पैसे आणि चार गुळपोळ्या दिल्या, त्यांनी एक तिथेच खाल्ली, तूप नाही का म्हणाले, आणि नाळेत उतरून दोन मिनिटांत दिसेनासे झाले. एकही दगड पडल्याचा आवाज आला नाही.

पठारावरचं चालणं तसं सोपं. कारवीची झुडपं, वाळलेलं गवत, मधेच एखादी ढोरवाट दुसऱ्या ढोरवाटेला भेटते आणि दोन्ही हरवतात. इथे मला पहिल्यांदा वाटलं की कोणीतरी भेटलं तर बरं होईल. विचारायला माणूस नाही. दोनदा आम्ही भलत्याच ओढ्यात उतरलो आणि परत वर आलो. ऊन चढलेलं. पाणी संपत आलं, तीन-तीन लिटर घ्या म्हणून सांगितलेलं असताना मी मुलांच्या बाटल्या हलक्या ठेवल्या होत्या. अर्णव सकाळपासूनचं सगळं माकडपण संपवून आता रडवेला झालेला. नाळेत जी शांतता मला एवढी भारी वाटत होती तीच आता अंगावर यायला लागली. समोर जीवधन आणि त्याच्या बाजूचा वानरलिंगीचा सुळका दिसत होते खरे, पण दिसणं आणि पोचणं ह्यात जो काय फरक असतो तो डोंगरात गेल्यावरच कळतो.

आणि मग एक टेपाड चढून वर आलो तर गाणं ऐकू आलं.

कुठल्यातरी गाडीत लावलेलं, दारं उघडी टाकून. समोर नाणेघाट. जुन्नरच्या बाजूने घाटघरवरून थेट इथपर्यंत डांबरी रस्ता येतो त्यामुळे रविवारी गाड्याच गाड्या, सेल्फीवाले, भाजलेली कणसं, पोरांचे आरडाओरडे, आणि निळ्या ताडपत्रीखाली एक आजी लिंबू सरबत विकत बसलेल्या. मी आयुष्यात कधी गर्दी बघून पळत सुटलो नव्हतो. त्या दिवशी सुटलो, दोन सॅका घेऊन. आजींकडे बारा ग्लास सरबत झालं आमचं. मंजिरी ग्लास हातात धरून माझ्याकडे नुसती बघत होती. काही बोलली नाही, बोलायची गरजच नव्हती.

नाणेघाटाबद्दल शाळेत वाचलेलं असतं सगळ्यांनी. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल ह्या घाटाने जुन्नरला आणि तिथून पुढे पैठणला जायचा. वर रांजणासारखं मोठं दगडी भांडं आहे, त्यात जकात टाकायचे असं सांगतात. ईरा त्यात वाकून बघत होती, मी म्हटलं पडू नकोस, फास्टॅग नाहीये तुझ्याकडे. (भाऊजींची संगत.) घाटाच्या तोंडाशी कातळात कोरलेली लेणी, तिच्या भिंतींवर ब्राह्मीत तो मोठा शिलालेख, सातकर्णीची राणी नागनिका, तिच्या घराण्याचा. यज्ञ केले, अश्वमेध केले, दक्षिणा म्हणून गायी, हत्ती, घोडे, कार्षापण म्हणजे तेव्हाची नाणी किती किती दिली, सगळा हिशोब लिहिलाय. १८२८ मधे सायक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. ह्या हिशोबात आकडे आहेत, म्हणजे अक्षरी नाही, चिन्हं, आणि भारतात कोरलेल्या सगळ्यात जुन्या आकड्यांमधे ते धरले जातात. गणिताशी ईराचं फार बरं नाही, तिने तोंड वाकडं केलं, "म्हणजे हे इथून सुरू झालं का."

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता नाहीत, तुटल्या, काही ठिकाणी नुसती पावलं राहिलीत. पण डोक्यांवर नावं कोरली होती ती शाबूत आहेत. राया सिमुक सातवाहन. देवी नायनिका आणि राजा सिरी सातकनी. कुमार भायल. एक महारठी. ताई त्या पावलांसमोर बराच वेळ उभी होती. मला वाटलं आता काहीतरी इतिहासाचं बोलेल. ती म्हणाली, "ह्यांच्या बायका-मुली राजरस्त्याने गेल्या असतील रे. पालखीतून." आणि मग जरा थांबून, "मामांच्या आईचं नाव विचारायचं राहिलं."

खाली उतरायला दोन तास. नाणेघाटाची वाट दगडी पायऱ्यांची आहे, रुंद आहे, सकाळच्या मानाने हायवेच, पण गुडघ्यांना उतार वाईट. ताई काठी टेकत आली, मधे मधे मागे वळून त्या भिंतीकडे बघत. साडेपाच वाजता झाडीतून बाहेर पडून हायवेला लागलो, वॅगनार सकाळी ठेवली तिथेच उभी, धुळीने पांढरी झालेली. पक्याने माझ्यापुढे हात केला.

मी खिसे चाचपले. पुढचे, मागचे. सॅकचा वरचा कप्पा, खालचा, मग ताईच्या सॅकचे सगळे. आणि मग मला अगदी चित्रासारखं दिसलं, अर्टिगाचा कपहोल्डर, त्यात सरळगावच्या चहाचा कागदी कप, आणि त्या कपात टाकलेली वॅगनारची चावी. खिशात टोचते म्हणून काढून ठेवलेली. अर्टिगा भोरांड्यात. अर्टिगाची चावी मात्र माझ्या खिशात, चेन लावून, एकदम सुरक्षित.

पक्या रस्त्याच्या कडेला बसून हसायला लागला तो थांबेचना. स्नेहा हसत नव्हती. मंजिरीने तो व्हॉट्सॲपवरचा मॅप काढला, बाणांचा, गाड्यांच्या चित्रांचा, आणि सगळ्यांना फिरवून दाखवला.

शेवटी बाकीच्यांना तिथेच ठेवून मी हात दाखवून एक पेंढ्याचा टेम्पो थांबवला. केबिनमधे जागा नव्हती, मागे पेंढ्यावर बसलो, आणि माळशेजकडून येणाऱ्या वाऱ्यात, उजवीकडे ती सगळी भिंत संध्याकाळच्या उन्हात तांबूस झालेली. भोरांड्याची नाळ शोधायला गेलो तर सापडेना. इतकी बारीक रेघ असेल असं आत असताना वाटलं नव्हतं.

गावाच्या फाट्याला उतरून चालत गेलो. अर्टिगाशेजारी मामा बाज टाकून बसलेले. अंघोळ झालेली, धुतलेला सदरा, हातात चहाचा कप. दुपारी दोनलाच खाली पोचलो म्हणाले. माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे बघितलं, रस्त्याच्या टोकापर्यंत बघितलं.

"आणि बाकीची माणसं वं?"